खजुराकडे मागायचं काय?

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत डिंकाच्या लाडवांसाठी किंवा उपासासाठी खजूर निवडला जातो, तेव्हा बिया कचऱ्यात जाण्याआधी घरातलं कोणीतरी त्यातल्या दोन-चार बाजूला काढतं. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या उबेला ठेवल्या की काही आठवड्यांनी एखादी रुजते, कुंडीत जाते आणि खिडकीपाशी बसते. पुढे येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, याला खजूर कधी लागणार? लंडन, म्युनिक किंवा टोरांटोत या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘कधीच नाही’ असं आहे. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, मग एवढा खटाटोप कशाला? या प्रश्नात गैर काही नाही. पण त्यामागे एक गृहीत दडलेलं आहे, आणि ते तपासायला हवं. ते गृहीत असं की झाड जगलं की ते फळलंच पाहिजे, आणि फळलं नाही तर त्याचं जगणं वाया गेलं. माझं म्हणणं असं की जगणं आणि फळणं ही खजुराची दोन वेगळी खाती आहेत. दोन्हींसाठी लागणारं भांडवल वेगळं आहे, आणि एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात दाखवली की हिशेब चुकतो. थंड मुलखातल्या कुंडीचा न्याय करण्याआधी हे समजून घ्यावं लागतं. त्याचा पहिला पुरावा मात्र लंडनमध्ये नाही, बीड जिल्ह्यात आहे.

केज तालुक्यातलं नांदूरघाट ज्या पट्ट्यात येतं, तिथली शेती बालाघाटचे माळ, मुरमाड जमीन आणि पावसाळा सरला की लवकर आटणारे ओढे यांच्या भरवशावर चालते. या भागात ओढ्याकाठी, जुन्या विहिरीच्या कडेला किंवा बांधाच्या कोपऱ्यात कोणी न लावता उभं राहिलेलं एक झाड असतं, शिंदी. वनस्पतिशास्त्र तिला आणि खजुराला एकाच वंशात घालतं. खजूर म्हणजे फिनिक्स डॅक्टिलिफेरा आणि शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. शिंदीला फळं येतात, घोसाघोसांनी येतात. पण शिंदोळीत, म्हणजे या फळात, मोठी बी आणि तिच्यावर जेमतेम गर, एवढंच असतं. गुरं राखणारी पोरं ती खातात, पाखरं खातात, आणि गोष्ट तिथेच संपते. फळाच्या मापाने मोजलं तर शिंदीला नापासच करावं लागेल. तरीही तिला कोणी निरुपयोगी म्हटलेलं नाही. शेंड्याशी खाच पाडली की तिची नीरा निघते, आणि पात्यांच्या चटया, फडे, केरसुण्या होतात. केरसुणी जरा हातात घेऊन पाहावी. वाळवलेली पाती उभी चिरून त्यांचे बारीक तंतू करायचे, ते एका मापाचे जुळवायचे, मुठीशी आवळून पातीच्याच दोराने घट्ट विणायचे आणि टोकं पसरू द्यायची. मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या हे कसब जपलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तेव्हा खजुराच्या वंशातल्या झाडाचं पानच पूजेला बसलेलं असतं. या वंशाकडे फळाशिवायही मागण्यासारखं पुष्कळ आहे, हे आपल्या मुलखाला मुद्दाम शिकवावं लागलेलं नाही.

शिंदीचं ठीक, पण खजुराचं फळ खरोखरच मोलाचं आहे, मग ते का मागू नये, असं कोणी म्हणेल. मागावं, पण ते कशातून तयार होतं ते आधी पाहावं. खजुराला पाय पाण्यात आणि डोकं आगीत लागतं, अशा अर्थाची एक म्हण अरब मुलखात प्रसिद्ध आहे, आणि शेतीशास्त्राचे आकडे तिला दुजोराच देतात. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली खजुराची वाढ थांबते, पण झाड मरत नाही. मोठं, मुरलेलं झाड शून्याखालचे काही अंशही थोडा वेळ सोसतं. फुलोरा यायला मात्र सावलीतलं तापमान अठरा अंशांच्या वर जावं लागतं, फळ धरायला पंचविसाच्या वर, आणि धरलेलं फळ पिकायला त्यापुढे कित्येक महिन्यांची सलग, कोरडी उष्णता लागते. म्हणजे जगण्याची अट अगदी सैल आणि फळण्याची अट फार कडक. लंडनमध्ये पाय पाण्यात ठेवण्याची अडचण नाही, डोक्याला आग मिळत नाही. नांदूरघाटला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आगीला तोटा नाही, पण पाण्याची शाश्वती नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात याच केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे, वर्षाचं जे काही पाणी पडतं ते नेमकं जूनपासून पडू लागतं. आपल्याकडे फुलोरा हिवाळा सरताना येतो आणि फळ पावसाळ्याच्या तोंडावर रंग धरतं. पिकू लागलेल्या घडावर पाऊस झाला की फळ तडकतं, आंबतं, कुजतं. कच्छमध्येही ही अडचण आहेच, म्हणून तिथे फळ मऊ होण्याची वाट न पाहता ते पिवळं किंवा लाल, कडक असतानाच उतरवतात. जून-जुलैत आपल्या बाजारात घोसासकट येणारी ओली खारीक ती हीच. थंड मुलूख आणि मराठवाडा ही दोन टोकं वाटतात खरी, पण मऊ, पिकला खजूर दोन्हीकडे सुखासुखी हाती लागत नाही. फक्त अडणारी गोष्ट वेगळी आहे.

आता कुंडीकडे वळू. खजुराच्या बीच्या एका अंगाला उभी खोबण असते आणि उलट अंगाला, साधारण मधोमध, मोहरीहून लहान असा एक गोल ठिपका. अंकुर या ठिपक्यातून येतो. पण जे आधी बाहेर पडतं ते पानही नसतं आणि खरं तर मूळही नसतं. ती एक पांढरी, जाडसर नळी असते. ती बीपासून निघून सरळ खाली मातीत शिरते आणि काही सेंटिमीटर खोल गेली की तिच्या टोकात दडलेल्या गर्भाचं मूळ आणखी खाली उतरतं. कोंब मग त्या नळीच्या अंगाला पडलेल्या फटीतून वर येतो, आणि म्हणून तो बीच्या शेजारून उगवलेला दिसतो. इकडे बीच्या आत राहिलेला बीजदलाचा भाग फुगत जातो आणि दगडासारखा कडक साठा विरघळवून रोपाला पुरवत राहतो. ही सगळी खटपट वाळवंटासाठी आहे. वरची माती तापून कोरडी होणार हे धरून चाललेली बी आपला गर्भ आधी खोल नेऊन ठेवते. बाजारातल्या मऊ खजुराची बी अशी रुजते. खारकेच्या बीकडून मात्र फार आशा धरू नये, कारण खारीक करताना अर्धकच्ची फळं उकळून मग वाळवण्याची रीत आहे. पहिलं पान खजुराचं वाटतच नाही. ते अरुंद, अखंड आणि उभ्या चुण्यांचं असतं. त्यानंतरची काही पानंही तशीच येतात. मग एखादं पान टोकाशी दुभंगतं, पुढचं थोडं अधिक फाटतं, आणि दोन-तीन वर्षांत कधीतरी दोन्ही बाजूंना पाती असलेली खरी झावळी येते.

या काळात झाड वाढत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिचं उत्तर ताडकुळाच्या शरीररचनेत आहे. आंबा किंवा लिंब दरवर्षी खोडाला नवा थर चढवतात, म्हणून ते आधी उंच आणि मग जाड होऊ शकतात. खजुराला, नारळाला, शिंदीला ही सोय नाही. खोड पुढे जेवढं रुंद व्हायचं आहे, जवळजवळ तेवढी बैठक जमिनीलगत आधी तयार करावी लागते आणि त्यानंतरच उंची धरता येते. सुरुवातीची कित्येक वर्षं झाड हेच काम करतं, आणि ते वरून दिसत नाही. ही गोष्ट इराकमध्ये खरी आहे, कच्छमध्ये खरी आहे आणि म्युनिकच्या खिडकीतही खरी आहे. बीपासून केलेल्या खजुराला अगदी अनुकूल मुलखातही पहिली पाच-सहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ फळ नसतं. शेतासाठी प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने तयार केलेली रोपंही आधी पिशवीत, शेडनेटच्या सावलीत वाढवून, हळूहळू उन्हाला सरावून मगच खड्ड्यात जातात. कोवळा खजूर मातीच्या एवढ्याशा साठ्यावर, फळाविना, सावकाश वाढतो ही थंड देशातली विटंबना नव्हे. त्याच्या बालपणाचा तो सर्वसाधारण नियम आहे. थंडीतल्या माणसाचं या वर्षांत जे नुकसान होतं, ते फक्त वेगाचं.

मग थंडीत कुंडी सांभाळणं म्हणजे नेमकं काय सांभाळणं? बहुतेक रोपं थंडीने मरत नाहीत, ती थंडीतल्या ओलीने मरतात. तापमान उतरलं की मुळ्या पाणी ओढणं जवळजवळ थांबवतात. अशा वेळी मायेपोटी घातलेलं पाणी मातीत साचतं, मुळ्यांना हवा मिळेनाशी होते आणि कूज सुरू होते. पाणी शेंड्याच्या पोंग्यात साचलं तर धोका आणखी मोठा, कारण खजुराला वाढीचं टोक एकच असतं. ते कुजलं की फांदी फुटून झाड पुन्हा उभं राहील, अशी आशा नाही. पाळायच्या गोष्टी यातूनच ठरतात. कुंडी पसरट नको, खोल हवी. मातीत जाड वाळू किंवा बारीक खडी भरपूर असावी आणि तळाचं भोक मोकळं असावं. उन्हाळ्यात रोप बाहेर काढावं, पण एकदम कडक उन्हात नको, नाहीतर घरात वाढलेली पानं भाजतात. खत वाढीच्या महिन्यांतच द्यावं. हिवाळ्यात पाणी अगदी कमी करावं आणि जागा थंड पण उजेडाची निवडावी. रेडिएटरशेजारची उबदार, अंधारी जागा त्याला सोसत नाही. कोरड्या गरम हवेत पानांना लाल कोळी लागतो, आणि उबेने जाग आलेलं रोप उजेड नसल्यामुळे लांबट, फिकट पानं काढू लागतं. खरी टंचाई उजेडाची असते. नांदूरघाटचा वर्षातला सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासही भरत नाही. गरमी वीज जाळून विकत घेता येते, पण उजेडाची भर तेवढी सहज पडत नाही. म्हणून थंड मुलखात खजूर राखणाऱ्याचं खरं कसब लाड करण्यात नाही, हात आवरण्यात आहे.

पण जगवायचं तर कशासाठी, हा मूळ प्रश्न राहतोच. त्याला पहिलं उत्तर इटलीच्या किनाऱ्यावर मिळतं. बोर्डिगेरा हे गाव फ्रान्सच्या सीमेजवळ आहे आणि टोरांटोच्या जवळपास त्याच अक्षांशावर येतं. एकीकडे बर्फ पडतो आणि दुसरीकडे उघड्यावर खजुराचं बन उभं आहे, तो फरक समुद्राचा आणि उत्तरेचे वारे अडवणाऱ्या डोंगरांचा. एवढं संरक्षण असूनही तिथे खजूर नीट पिकत नाही. बोर्डिगेराने शतकानुशतकं ही झाडं राखली ती पानांसाठी. शेंड्याची कोवळी पानं बांधून उजेडापासून दूर ठेवली की ती पांढरट-पिवळी राहतात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी ख्रिस्ती धर्मविधीत अशी पानं हातात धरतात, आणि बोर्डिगेराची पानं त्यासाठी व्हॅटिकनला जात आली आहेत. स्पेनमधल्या एल्चे गावातही अशी पांढरी पानं विणण्याची कला आहे. तिथल्या खजूरबनाला २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. लक्ष्मीपूजनाची केरसुणी आणि बोर्डिगेराचं पान यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन वेगळ्या धर्मांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकाच वंशाच्या झाडाकडे पाहून एकच निर्णय घेतला, की इथे फळ मागण्यात अर्थ नाही, पान मागावं.

दुसरं उत्तर बर्लिनमध्ये मिळतं. वनस्पतींत नर-मादी असतात, हे कॅमेरारियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९४ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडलं होतं, पण पुढची कित्येक वर्षं ते सर्वांच्या गळी उतरलं नव्हतं. बर्लिनच्या वनस्पती उद्यानात ताडकुळातलं एक मादी झाड होतं. ते खजुराचं नव्हे, भूमध्य समुद्राकाठच्या पंख्यासारख्या पानांच्या बुटक्या ताडाचं. वर्षानुवर्षं त्याला फुलं येत, पण फळ धरत नसे. १७४९ मध्ये ग्लेडिच या शास्त्रज्ञाने लाइपझिगच्या एका नर झाडाचे पराग मागवून ते या मादीच्या फुलांवर टाकले. फळं धरली आणि त्यांच्या बियाही रुजल्या. खजुराच्या मुलखात नराचा फुलोरा मादीवर झाडण्याची रीत प्राचीन काळापासून होती, पण तिथे हजारो झाडांच्या गर्दीत वाऱ्यानेही पराग येत असल्याने असा निखळ पुरावा मिळणं अवघड होतं. बर्लिनचं झाड एकटं होतं, परक्या थंड हवेत अडकलेलं होतं आणि म्हणूनच त्याच्यावरचा प्रयोग निर्विवाद ठरला. याच जातीचं, १५८५ मध्ये लावलेलं एक झाड इटलीतल्या पाडुआच्या वनस्पती उद्यानात काचघरात जपलेलं आहे. १७८६ मध्ये जर्मन कवी गटेने ते पाहिलं. साध्या, अखंड पानापासून पूर्ण दुभंगलेल्या पानापर्यंतची सगळी मालिका त्याला एकाच झाडावर दिसली, आणि वनस्पतीचे अवयव एकमेकांतून कसे रूपांतरित होतात याचा विचार त्याने १७९० च्या आपल्या ग्रंथात मांडला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ग्लेडिच आणि गटे यांची उदाहरणं देऊन लेस्टरमधल्या दिवाणखान्यातली कुंडी थोर ठरत नाही. असाधारण माणसाने एखाद्या रोपातून काही काढलं म्हणून ते रोप सगळ्यांसाठी फलदायी होत नाही. हे मान्य आहे. पण गटेने जे पाहिलं ते पाहायला गटे असावं लागत नाही. खजुराची कुंडी ज्या घरात आहे, तिथल्या शाळकरी मुलालाही पहिलं अखंड पान, मग टोकाशी फाटलेलं, मग पूर्ण झावळी हा क्रम डोळ्यांसमोर दिसतो. फळबागेत जाऊन तो दिसत नाही, कारण तिथे ही वर्षं रोपवाटिकेत संपलेली असतात. दुसरी गोष्ट, बीपासून आलेल्या रोपात अनिश्चितता असते. ते नर निघेल की मादी हे फुलोरा येईपर्यंत नुसतं पाहून सांगता येत नाही, आणि मादी निघाली तरी ज्या खजुराची बी होती तसंच फळ देईल असं नाही. इस्रायलमध्ये मसाडाच्या उत्खननात सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये इलेन सोलोवे यांनी रुजवली. जगभर कौतुक झालेलं ते रोप सुरुवातीला कुंडीतच वाढलं, आणि फुलल्यावर तो नर निघाला. त्याला कधी फळ येणार नव्हतं, पण म्हणून तो प्रयोग कोणी वाया गेला असं म्हटलं नाही. इतका प्राचीन गर्भ अजून जिवंत राहू शकतो, हे त्या रोपाने एका पानातच सिद्ध केलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. वाळवंटातल्या झाडाला थंड देशात कुंडीत कोंडणं हा त्याच्यावर अन्याय नाही का? या भावनेला मोठी परंपरा आहे. आठव्या शतकात दमास्कसहून परागंदा होऊन स्पेनमध्ये राज्य स्थापन करणाऱ्या पहिल्या अब्द अल-रहमानने कॉर्डोबाजवळच्या आपल्या बागेतल्या खजुराला उद्देशून कविता केली, आणि त्यात झाडाला आपल्यासारखंच परदेशी ठरवलं, असं इतिहास सांगतो. परदेशातल्या मराठी माणसालाही आपल्या कुंडीकडे पाहून असं काही वाटणं स्वाभाविक आहे. पण विचार केला तर हे नातं फार टिकत नाही. मराठी स्वयंपाकघरात खजूर-खारीक कायमच बाहेरून, व्यापाऱ्यांच्या हातून आली. पूजेच्या विड्यावर ठेवलेली खारीक बसऱ्याकडून, सिंधकडून किंवा कच्छकडून आलेली असायची, नांदूरघाटच्या शेतातून नव्हे. हे झाड लंडनमध्ये जितकं परकं, जवळपास तितकंच बालाघाटावर. त्यामुळे त्याच्यावर आपली मायभूमी लादण्यात त्याच्यापेक्षा आपलीच सोय अधिक आहे. अन्याय होतो आहे की नाही, हे ठरवण्याची खूण झाडाच्या अंगावर असते. नवी पानं आधीच्यापेक्षा मोठी आणि अधिक विभागलेली येत असतील, तर झाडाचं ठीक चाललं आहे. पानं लहान, फिकट, विरळ होत असतील, तर त्याची उपासमार चालू आहे आणि आपली हौस त्याला महाग पडते आहे. शिवाय त्याचं पुढचं वयही आधीच डोळ्यांसमोर ठेवायला हवं. खजूर वीस मीटरपर्यंत जाणारं झाड आहे, त्याची झावळी चार मीटर लांब होते आणि देठाच्या बुडाशी पात्यांचे टोकदार काटे होतात. एका टप्प्यानंतर तो घरात मावणार नाही. त्या दिवशी त्याला काचघर असलेल्या एखाद्या उद्यानाला द्यायचं की सौम्य हवेच्या किनाऱ्यावर जमिनीत लावायचं, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने कमी वाढणारा रोबेलिनी जातीचा छोटा खजूर निवडावा हे बरं.

तिसरा आक्षेप आजच्या काळाला साजेसा आहे. उष्णता कमी पडते तर ती पुरवावी, त्यात अडचण काय? हे करून झालेलं आहे. लंडनच्या क्यू उद्यानातलं पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळात लोखंड आणि काचेतून उभं राहिलं. त्याच्या तळघरातल्या बॉयलरांत कोळसा जळत असे आणि धूर दिसू नये म्हणून तो भुयारातून दूरच्या मनोऱ्याकडे नेलेला होता. साम्राज्याच्या तिजोरीला ते परवडलं, आणि त्यातून विज्ञानाचं मोठं काम झालं. पण घरगुती खिडकीत त्याच हट्टाची छोटी आवृत्ती काढणं, म्हणजे महिनोन्महिने हीटर आणि दिवे चालवून दोन मूठ खजूर मिळवणं, हे जगणं आणि फळणं यांच्या हिशेबाची गल्लतच आहे. जे खातं त्या हवेत उघडताच येत नाही, त्यात उसनवारीने पैसे भरण्याचा हा प्रकार. आणि एवढं करूनही एकट्या रोपाला पराग कुठून आणणार, हा ग्लेडिचचा प्रश्न शिल्लकच राहतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो बीडचाच आहे. ज्या जिल्ह्यातले लाखो लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेरगावी जातात, तिथल्या शेतकऱ्याला ‘फळ मागू नका, पान पाहा’ हे कसं सांगायचं? ज्याने महागडी रोपं विकत आणली, आठ-आठ मीटरवर खड्डे घेतले, ठिबक अंथरलं आणि पहिल्या उत्पन्नासाठी तीन-चार वर्षं वाट पाहिली, त्याच्यासाठी हा सगळा विचार पोट भरलेल्या माणसाचा खेळ आहे. आक्षेप बरोबर आहे आणि तो टोलवून लावण्यासारखा नाही. पण तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, उलट ते अधिक धारदार करतो. फळ मागू नये असं मी म्हणत नाही. फळ मागायचं तर फळाच्या अटींवर मागावं, एवढंच म्हणतो. मराठवाड्यात खजुराची ओळख ‘दुष्काळात तग धरणारं पीक’ अशी करून दिली जाते. ते खरं आहे, पण तग धरणं हे जगण्याच्या खात्यातलं आहे. कमी पाण्यावर खजूर जगतो, कमी पाण्यावर भरघोस फळतो असं नाही. अरबांच्या म्हणीतलं पाण्यातलं पाऊल इथे विसरलं जातं. लंडनमधला माणूस झाड थंडीत जगलेलं पाहून फळाची आशा धरतो, आणि बालाघाटावरचा माणूस झाड दुष्काळात जगतं हे ऐकून फळाची खात्री धरतो. चूक एकच आहे, फक्त एकाची हौस पणाला लागते आणि दुसऱ्याचा संसार. म्हणून शेतकऱ्याने तर हा हिशेब अधिक कडकपणे करायला हवा. पिवळेपणीच गोड लागणारी बरही यासारखी जात घ्यायची, पराग हाताने टाकायचे, घड झाकायचे, पावसाने जोर धरण्याआधी किंवा उघडीप साधून फळ उतरवायचं आणि ओल्या खारकेचं गिऱ्हाईक आधी शोधून ठेवायचं. हे जमत असेल तर खजूर लावावा. जमत नसेल तर याच बालाघाटावर सीताफळ आहे. ते पावसाळ्याच्या पाण्यावर वाढून पावसाळा सरताना पिकतं, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हवेशी भांडण न करता फळणारं झाड हाताशी असताना दुसऱ्याचा पर्याय डोळे उघडे ठेवूनच निवडायला हवा.

झाडाकडे काय मागायचं, हे आपल्या इच्छेवरून नव्हे तर झाडाचं वय आणि आपली जागा पाहून ठरवावं, हा या सगळ्याचा निष्कर्ष. कोवळ्या खजुराकडे कुठेही फळ मागता येत नाही. प्रौढ खजुराकडे ते जिथे लांब, कोरडा उन्हाळा आणि पायाशी पाणी आहे तिथेच मागता येतं. बाकी ठिकाणी बोर्डिगेराने पान मागितलं, बर्लिनने पुरावा मागितला, बालाघाटाने शिंदीकडे केरसुणी मागितली, आणि प्रत्येकाला मागितलेलं मिळालं, कारण मागणी झाडाच्या आवाक्यातली होती. थंड देशातल्या कुंडीकडून पानांच्या घडणीचा धडा आणि एका अस्सल वाळवंटी जिवाला आपल्या हवेत किती दूर नेता येतं याचा अंदाज मागावा. तो चार-पाच वर्षांत मिळतो आणि पुरेसा असतो. ज्याला खजूरच हवा आहे त्याने तो दुकानातून आणावा, आणि त्यातली एखादी बी रुजवलीच तर तिच्याशी दुकानाचा व्यवहार करू नये.